मेलेल्यांचा आकडा कोण सांगतो? प्राण्यांच्या संस्थांचे एका देणगीदाराने केलेले परीक्षण

गेल्या ६ वर्षांत मी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या ९ संस्थांना देणग्या दिल्या. त्यांपैकी ५ संस्थांच्या पुढे बंद केल्या, दोघींची रक्कम वाढवली आणि उरलेल्या दोघींविषयी माझे मत अजून पक्के झालेले नाही. रक्कम फार मोठी नाही, निवृत्तिवेतनातून वर्षाला ४८,००० रुपये मी यासाठी बाजूला काढतो. परंतु आयुष्याची ३० वर्षे सहकारी बँका आणि पतसंस्थांचे लेखापरीक्षण करण्यात गेल्यामुळे कोणाचाही ताळेबंद हाती आला की तो शेवटच्या टिपेपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेववत नाही, आणि प्राण्यांच्या संस्थांचे ताळेबंद वाचण्यासारखे असतात. या परीक्षणात ज्या संस्थांची नावे घेतली आहेत, त्या मी त्यांच्या जाहीर कामावरून जोखल्या आहेत. जिथे स्वतःला वाईट अनुभव आला, तिथे नाव घेतलेले नाही, कारण एका भेटीवरून एखाद्या संस्थेवर शिक्का मारणे माझ्या पेशाच्या सवयीत बसत नाही.

पहिली देणगी मी मोबाइलवर पाहिलेल्या एका चित्रफितीमुळे दिली. गळ्यात तार रुतलेला एक कुत्रा, मग शस्त्रक्रिया, मग दोन महिन्यांनी तोच कुत्रा हिरवळीवर धावताना. त्या निवारा-संस्थेला मी ३ वर्षे दरमहा १,००० रुपये पाठवत होतो आणि दर आठवड्याला नवी चित्रफीत पाहून समाधानी होत होतो. एकदा त्याच रस्त्याने जाण्याचा योग आला म्हणून न कळवता आत गेलो. ६० कुत्र्यांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये २०० च्या वर कुत्री होती. सगळ्यांची देखभाल ४ माणसे करत होती. आजारी आणि निरोगी यांच्यात एका जाळीचे अंतर होते. पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाची साथ नुकतीच येऊन गेली होती. किती दगावली असे विचारल्यावर तिथला वयस्कर राखणदार अगदी सरळपणे म्हणाला, "साहेब, ते लिहून ठेवायला इथं कुणाला सवड आहे?" फाटकावर मात्र ठळक अक्षरांत लिहिले होते की आम्ही कोणत्याही प्राण्याला नाही म्हणत नाही. कोणत्याही कर्जदाराला नाही न म्हणणाऱ्या पतसंस्था मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्यांचे पुढे काय होते तेही मला ठाऊक आहे.

त्या दिवसापासून देणगी देण्यापूर्वी मी प्रत्येक संस्थेला एकच प्रश्न लेखी विचारतो: गेल्या वर्षी तुमच्याकडे किती प्राणी आले, त्यांपैकी किती बरे होऊन गेले, किती मेले, किती जणांना शांत मरण द्यावे लागले आणि किती जणांना जागा नाही म्हणून परत पाठवावे लागले? वाचवलेल्यांचा आकडा सगळ्यांकडे तयार असतो, पत्रकावर छापलेलाही असतो. मेलेल्यांचा आकडा फार थोड्या ठिकाणी मिळतो, आणि जिथे तो कुरकुर न करता मिळतो, तिथली बाकीची वहीदेखील बहुधा नीट निघते. रस्त्यावरच्या अपघातातले प्राणी घेणाऱ्या रुग्णालयात मृत्यूचे प्रमाण जास्त असणारच; ते कमी दाखवले असेल तर एक तर गंभीर प्राणी घेतले जात नसावेत किंवा नोंदी ठेवल्या जात नसाव्यात. त्यामुळे मोठा आकडा पाहून मी घाबरत नाही. आकडाच नसला तर मात्र पैसे देत नाही.

कागदपत्रांचा भाग त्या मानाने सोपा आहे. महाराष्ट्रातील न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो आणि त्याने दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब सादर करायचे असतात. ताळेबंद अनुसूची ८ प्रमाणे आणि जमाखर्च अनुसूची ९ प्रमाणे. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या संकेतस्थळावरची नोंद पाहायला दोन मिनिटे लागतात. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नये, संस्थेकडून देणगीचे आयकर-प्रमाणपत्र मागून घ्यावे, आणि आपण नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मिळत नाही हे आधीच लक्षात घ्यावे, म्हणजे मार्चअखेरीस चिडचिड होत नाही. एका संस्थेने मला सलग दोन वर्षे सुबक पावत्या दिल्या, पण प्रमाणपत्र कधीच दिले नाही. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण देणगीदारांचे विवरण वेळेवर न भरणारी संस्था लसींच्या तारखा तरी वेळेवर पाळत असेल का, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही.

एका बाबतीत मात्र देणगीदारांची समजूत मला चुकीची वाटते. ‘आमचा प्रशासकीय खर्च फक्त ५ टक्के’ ही ओळ वाचून लोक खूश होतात. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, तेव्हापासून तर कमी खर्च हेच जणू चारित्र्याचे प्रमाणपत्र झाले आहे. परंतु प्राण्यांच्या रुग्णालयात पशुवैद्यकाचा, मदतनिसाचा आणि गाडी चालवणाऱ्याचा पगार म्हणजेच काम असते. पगारावर काहीच खर्च न दाखवणारी संस्था एक तर स्वयंसेवकांच्या जिवावर चाललेली असते, आणि परीक्षा सुरू झाल्या की स्वयंसेवक येत नाहीत, किंवा ते पगार दुसऱ्या कोणत्या तरी शीर्षाखाली गेलेले असतात. मी पाहतो ते ‘इतर खर्च’ या ओळीकडे, विश्वस्तांना दिलेल्या अग्रिमांकडे, औषधे आणि खाद्य यांच्या तुलनेत प्रसिद्धीवर किती गेले याकडे, आणि मुदतठेवींकडे. वर्षभराच्या खर्चाइतकी गंगाजळी शहाणपणाची आहे. पाच वर्षांच्या खर्चाइतक्या ठेवी असूनही दर महिन्याला ‘उद्याचे अन्न कुठून आणू’ असे संदेश पाठवणाऱ्या संस्थेला माझ्या १,००० रुपयांची गरज नाही.

आता संस्थांकडे वळतो, आणि कुत्र्यांपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण आपल्याकडची बहुतेक देणगी तिथेच जाते. मुंबईत हा जिव्हाळा जुना आहे: १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता आणि दंगल झाली होती, दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारी मुंबईची संस्था स्थापन झाली आणि तिचे परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आजही चालू आहे. वयाला मान द्यावा हे खरे, पण जुनी आणि नामवंत संस्था असेल तर मी प्रश्न अधिक विचारतो, कमी नाही. मृत्युपत्रांतून आलेल्या ठेवी आणि जमिनी यांचे व्यवस्थापन हे तिथले अर्धे काम असते.

मुंबईतलीच १९८५ सालची ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था मला कामाच्या पद्धतीमुळे आवडते. निर्बीजीकरण आणि रेबीजची लस हा तिचा कणा आहे, आणि किरकोळ जखमा, खरूज, किडे पडलेले कान यांवर कुत्रा जिथे राहतो तिथेच, फूटपाथवर, उपचार करण्याची तिची रीत आहे. त्यामुळे पिंजरा अडत नाही, साथ पसरत नाही आणि कुत्रा आपल्या गल्लीतून उठवला जात नाही. मघाच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जे पाहिले, त्याला माझ्या मते हे सर्वांत स्वस्त उत्तर आहे. कोणत्याही निर्बीजीकरण-संस्थेला मात्र एक प्रश्न विचारायलाच हवा: तुमच्या प्रभागातल्या किती टक्के कुत्र्यांच्या कानाला निर्बीजीकरणाची खूण आहे? शहरभर विखुरलेल्या ५,००० शस्त्रक्रियांपेक्षा एका प्रभागातल्या बहुतेक सगळ्या कुत्र्यांवर झालेल्या ५०० शस्त्रक्रियांचा उपयोग जास्त होतो, कारण उरलेल्या माद्या दोन विणींत संख्या पुन्हा भरून काढतात. रेबीज रोखण्यासाठीही साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असावी लागते. २०२३ च्या नव्या नियमांनुसार हे काम करणाऱ्या संस्थेला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची प्रकल्प-मान्यता लागते. ती मागून पाहावी. दाखवायला टाळाटाळ झाली तर पुढे बोलूच नये.

पुण्यातल्या ‘रेस्क्यू’ या २००७ पासूनच्या संस्थेविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण ती माझ्या घरापासून जवळ आहे आणि जवळच्या संस्थेविषयी माझा कल आपोआप बरा होतो. जखमी भटक्या प्राण्यांचे रुग्णालय आणि वनविभागाबरोबर वन्यप्राण्यांसाठी चालवलेले उपचार केंद्र अशी दुहेरी जबाबदारी ती वाहते. अशा कामाला मधूनमधून येणारी मोठी देणगी फार उपयोगाची नसते, दरमहा ठरलेली छोटी रक्कम अधिक उपयोगी पडते; पगार दर महिन्याच्या १ तारखेलाच करावे लागतात.

‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही १९९५ मध्ये स्थापन झालेली संस्था मला वेगळ्या कारणासाठी उल्लेखनीय वाटते. तिने हाती घेतलेला एक प्रश्न संपवून दाखवला. रस्त्यावर नाचवली जाणारी अस्वले सोडवताना कलंदर समाजातल्या कुटुंबांना दुसरे काम, मुलांना शाळा आणि त्या बदल्यात अस्वल सुपूर्द करण्याचा करार असा मार्ग तिने धरला, आणि २००९ पर्यंत देशातली ही प्रथा जवळजवळ संपुष्टात आली. अस्वलाचे दुःख आणि त्याच्या मालकाची चूल एकाच दोरीला बांधलेली आहे हे तिने ओळखले होते. महाराष्ट्रात जुन्नरजवळच्या माणिकडोह येथे वनविभागासह ती बिबट्यांचे निवारा केंद्र चालवते. उसाच्या फडात तोडणीच्या वेळी सापडलेली बछडी उचलून आणण्याऐवजी रात्री त्याच शेतात ठेवून आईकडे परत पोहोचवायची, हे तिचे काम छायाचित्रात फारसे दिसत नाही, पण प्रत्येक यशस्वी भेटीगणिक माणिकडोहचा एक जन्मभराचा पिंजरा वाचतो. कायमचे जायबंदी झालेले बिबटे १५ वर्षे पोसणे हा केवढा खर्च आहे, हे हिशेब पाहणाऱ्याला सांगायला नको.

इथपर्यंत सगळे ठीक चालले होते. मग अमेरिकेत असलेल्या भाच्याने मला ‘अॅनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्स’ या संस्थेची ओळख करून दिली आणि माझा सगळा हिशेब विस्कटला. ही संस्था २०१२ पासून प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे मूल्यमापन करते आणि निवडक शिफारशी प्रसिद्ध करते. थोडक्यात, माझेच काम, पण पगारी तज्ज्ञांकडून आणि जगभराच्या पातळीवर. एका रुपयात किती प्राण्यांचे किती दुःख कमी होते, आणखी पैसे मिळाले तर ते खर्च करण्याची संस्थेची क्षमता आहे का, आतले व्यवस्थापन निरोगी आहे का, अशा निकषांवर ती परीक्षा घेते. सेवा म्हणून तिचे परीक्षण करायचे तर पहिला गुण पारदर्शकतेला द्यावा लागेल: निष्कर्षाबरोबर त्यामागचा तर्क वाचायला मिळतो, आणि तो न पटल्यास नेमके कुठे पटला नाही हे दाखवता येते. फुकट मिळणाऱ्या सल्ल्यात इतकी मोकळीक मी क्वचितच पाहिली आहे.

तिचा मुख्य मुद्दा संख्येचा आहे. तिच्या यादीत कुत्र्यामांजरांचे निवारे जवळजवळ नसतात. असतात त्या कोंबड्या, मासे, कोळंबी यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था. आधी मला हे विचित्र वाटले. मग २०१९ ची पशुगणना काढून बसलो: देशात भटकी कुत्री सुमारे दीड कोटी, आणि पाळीव कोंबड्या-बदके ८५ कोटींच्या वर. अंडी देणाऱ्या कोंबडीला तारेच्या पिंजऱ्यात साधारण छपाईच्या एका कागदाएवढी जागा मिळते आणि पंख पसरता येत नाहीत, हे २०१७ मध्ये विधी आयोगाच्या २६९ व्या अहवालाचा विषय होण्याइतके गंभीर मानले गेले. माझ्या ४८,००० पैकी त्या कोंबडीकडे किती जात होते? शून्य. तिची चित्रफीत मला कोणी पाठवली नव्हती, आणि पाठवली असती तरी ती मी शेवटपर्यंत पाहिली असती असे नाही. रविवारी सकाळी ऑम्लेट खाणारा माणूस म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखे होते, पण वजाबाकी तीच राहते.

या यादीत एकेकाळी आलेली आणि भारताशी थेट जोडलेली म्हणून मी ‘फिश वेल्फेअर इनिशिएटिव्ह’ निवडली. तिचे काम आंध्र प्रदेशातल्या मत्स्यशेतीत चालते: तळ्यातल्या पाण्यातला विरघळलेला प्राणवायू, अमोनिया आणि सामू (पीएच) तपासणे, प्रमाण बिघडले की शेतकऱ्याला उपाय सांगणे, आणि एका तळ्यात किती मासे सोडावेत यावर मर्यादा पाळायला त्याला राजी करणे. माशाला गुदमरल्याचे दुःख होते का यावर आमच्या घरात दोन मते आहेत. माझी पत्नी रत्नागिरीची आहे, तेव्हा चर्चा लांबवण्यात अर्थ नव्हता. मला पटला तो कामाचा आकार: एक तपासनीस एका फेरीत ज्या तळ्यांचे पाणी मोजतो, त्यांत किती जीव असतात याची गणतीच वेगळी.

तरीही या परीक्षकांच्या परीक्षणात मला दोन उणिवा दिसतात. दुःखाचे आकड्यात रूपांतर करताना गृहीतकांवर गृहीतके रचली जातात. लेखापरीक्षणात अशा ताळेबंदावर मी ‘अंदाजावर आधारित’ असा शेरा मारला असता. दुसरे म्हणजे, तिच्या चौकटीत जो प्राणी कोट्यवधींत नाही, तो मागेच राहतो. उसाच्या टायरगाडीला जुंपलेला बैल या यादीत मला कुठे सापडला नाही.

त्या बैलासाठी काम करणारी ‘अॅनिमल राहत’ २००३ पासून सांगली, सोलापूर, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात आहे. ती ‘पेटा’ या प्राणिहक्क संस्थेच्या आर्थिक पाठबळावर उभी राहिलेली आहे, आणि म्हणूनच या दोघींना शेजारी ठेवून पाहावे असे मला वाटते. सोललेले खांदे, काटेरी वेसण, नाल नसलेले खूर, क्षमतेच्या बाहेर लादलेला ऊस, हे सगळे आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना पाहतो आणि दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवून विसरतो. ‘राहत’ची पशुवैद्यक मंडळी कारखान्याच्या गाडीतळावर जाऊन उपचार करतात, गाडीवानाशी त्याच्या भाषेत बोलतात, आणि बैलगाडीच्या जागी छोटा ट्रॅक्टर यावा म्हणून कारखान्यांशी बोलणी करतात. बीडहून उचल घेऊन आलेल्या जोडप्याच्या दृष्टीने बैल म्हणजे मुकादमाकडे असलेली पत असते. तिला पर्याय न देता बैल सोडवण्याचा आग्रह धरला तर तो बैल बाजारात विकला जातो आणि पुढे कुठे जातो ते कोणी विचारत नाही. ट्रॅक्टरचा हप्ता कोणाच्या डोक्यावर बसतो, हा प्रश्न मी त्यांनाही विचारीन.

‘पेटा इंडिया’ची रीत न्यायालयाची आहे. नागराज खटल्यात ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतला जल्लीकट्टू हा बैलांचा खेळ आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली आणि प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांना (भूक, वेदना, भीती यांसारख्या हालांपासून मुक्ततेला) कायद्याच्या भाषेत स्थान दिले, ही मोठी गोष्ट होती. पण २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो बदल वैध ठरवला, आणि आज घाटात पुन्हा भिर्र होते. ९ वर्षांचा खटला, आणि बैल जिथल्या तिथे. जुलै २०२५ मध्ये नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीला गुजरातमधल्या वनतारा या प्राणी केंद्रात हलवण्याचा आदेश झाला, तेव्हा तक्रार ‘पेटा’चीच होती. तिच्या पायांच्या आणि सांध्यांच्या दुखण्याविषयीचे अहवाल न्यायालयापुढे होते, आणि साखळीत एकट्या उभ्या राहणाऱ्या हत्तिणीचे हाल मला मान्य आहेत. परंतु शिरोळ तालुक्यातली बायाबापडी रडत तिच्या गाडीमागे गेली, पुढे सबंध कोल्हापूर जिल्हा पेटला, आणि अखेर नांदणी परिसरातच तिच्यासाठी केंद्र उभारण्याची भाषा सुरू झाली. ती भाषा आधी का झाली नाही, हे मला कळत नाही. याच संस्थेने २०२३ मध्ये त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिल्ली कृष्ण मंदिराला यांत्रिक हत्ती देऊन उत्सव आणि हत्ती दोघांची सोय पाहिली होती. म्हणजे समजावून घेण्याची हातोटी तिच्याकडे नाही असे म्हणता येत नाही. हक्काची लढाई न्यायालयात लढावी लागते हे मी मानतो, फक्त तिचा खर्च मी उचलणार नाही; तो उचलणारे माझ्याहून मोठे देणगीदार तिच्याकडे आहेत.

यंदाची वाटणी अशी केली आहे: १५,००० बैलांसाठी, १२,००० भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी, ९,००० माणिकडोहच्या बिबट्यांसाठी, ६,००० आंध्रातल्या माशांसाठी. उरलेले ६,००० माझ्या मूळ तालुक्यातल्या एका छोट्या न्यासासाठी राखून ठेवले आहेत. दोन खोल्या, एक पशुवैद्यक आणि एक जुनी जीप एवढाच त्यांचा पसारा. नेहमीचा प्रश्न त्यांना जूनमध्ये पाठवला होता. उत्तरादाखल त्यांनी रुग्णनोंदीच्या वहीच्या १४ पानांची छायाचित्रे धाडली आहेत, आणि त्यांत मृत्यूच्या रकान्यात तारखा आहेत, कारणे आहेत, पण बेरीज कुठेच नाही. ती मी या आठवड्यात स्वतःच करायला बसलो आहे. नवव्या पानापर्यंत ३१ झाले आहेत.